बारा घरांचा कपलर

आनंदीचा डोळा लागला की दीपमालाची पावलं मांजराची होत आणि हात मात्र उधळत. दहा महिन्यांची पोर. कधी निवांत झोपे, कधी नुसता चमचा पडला तरी दचकून उठे. त्यामुळे हाती आलेला वेळ आपला नव्हेच, कुणाच्या तरी खिशातून उचललेला आहे, असं समजूनच दीपमाला कामाला बसायची. झोळी गोठ्याच्या आडव्या पाइपाला बांधलेली, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात, आणि पुढ्यात कोब्यावर पसरलेलं एका अख्ख्या मोटारीचं वायरिंग.

मोटार म्हणजे एक पांढरी हॅचबॅक. ट्रकनं मागून अशी दाबली होती की डिकी मागच्या सीटवर येऊन बसलेली, पण बॉनेटखाली ओरखडा नव्हता. दीपमालाचा नवरा अवधूत मेकॅनिक. त्यानं ती गाडी फक्त इंजिनासाठी आणली. धायरी गावठाणाच्या कडेला धोंडिबा मामांचा जुना गोठा या दोघांनी भाड्यानं घेतला होता. जिथं पूर्वी म्हैस बांधायचे तिथं आता लोखंडी अँगलच्या चौकटीवर ते इंजिन बसलं होतं. ना चाकं, ना दारं. नुसतं इंजिन.

ते हवं होतं श्यामला मॅडमना. मॅडम एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शाखेच्या प्रमुख. मुलांना शिकवायला चौकटीवरचं चालू इंजिन त्यांना पाहिजे होतं, किल्ली फिरवली की धडधडणारं. अट एकच घातली होती. किल्ली, काटे आणि दिवे असलेलं पॅनेल इंजिनापासून एका ओढीत वेगळं निघालं पाहिजे. "माझी मुलं आधी पॅनेल मोडतात, मग इंजिनाकडे वळतात," त्या म्हणाल्या होत्या. "तेव्हा पॅनेल तरी झटकन बदलता येऊ दे."

शनिवारी दुपारी मॅडम येणार होत्या. पसंत पडलं तर अशी आणखी चार इंजिनं करायची होती, आणि वायरिंगचं काम सगळं दीपमालाकडे. इथंच, या झोळीच्या शेजारी. नाही पसंत पडलं, तर सोमवारी तिला चाकणच्या हार्नेस, म्हणजे गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात परत रुजू व्हायचं होतं. आनंदीच्या आधीची सहा वर्षं तिनं तिथल्या लाइनवर काढली होती. धायरीहून निघायचं ते आनंदी उठायच्या आत, यायचं ते ती झोपल्यावर. म्हणून मग आनंदीला हिंगणघाटला आजीकडे ठेवायचं ठरलेलं. आजीनं तर पाळणाही बांधला होता, आणि रोज फोनवर एकच पालुपद, "कवा आणतं व माय लेकराले?" कोपऱ्यात आनंदीची पिशवी भरून ठेवली होती. वर लोकरीचं टोपडं. दीपमाला त्या पिशवीकडे पाठ करूनच बसायची.

पण काम! कामात काय गंमत होती, ती सांगून कळायची नाही.

गाडीचं वायरिंग म्हणजे सगळ्या नात्यागोत्याचं एकत्र कुटुंब. काचा वरखाली करणाऱ्या वायरी, दारं कुलूपबंद करणाऱ्या, वायपरच्या, गाण्यांच्या, एसीच्या, मागच्या दिव्यांच्या, सगळ्या एकाच काळ्या टेपात गुंडाळून एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. त्यातून इंजिनाला खरोखर लागतात तेवढ्या ओळखून बाजूला घ्यायच्या आणि बाकीच्यांना मानानं निरोप द्यायचा. कापायचं नाही. दीपमालाला वायर कापलेली आवडत नसे. प्रत्येक वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल असतं, आणि ते कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या डबीच्या, आपापल्या घरात एका बारीक जिभेवर अडकून बसतं. छत्रीची काडी घासून तिनं एक सुई केली होती. ती घरात सरकवली, जीभ किंचित उचलली की वायर अख्खी मागे निघून येई, जशी काही स्वतःहूनच निघाली.

"हा पाण्याच्या गरमीचा सेन्सर," ती स्वतःशीच पुटपुटे. "हा क्रँकचा. तू राहा बाई, तुझ्याशिवाय चालायचं नाही. आणि तू कोण ग? मागच्या काचेचा हीटर? जा बाप्पा तू. आपल्याकडे मागची काच नाही अन् मागही नाही."

ज्या राहायच्या, त्यांना ती आनंदीच्या जुन्या लंगोटांच्या पट्ट्या बांधायची. पांढरी म्हणजे इंजिनाकडची, पिवळ्या फुलांची म्हणजे पॅनेलकडे जाणारी.

धोंडिबा मामा काठी टेकत आले, उंबऱ्यात उभे राहून बघू लागले. "काय पोरी, मोटारीचं बारसं हाय का काय?"

"व्हय मामा. नाव तुम्ही ठेवा."

"म्हशीचं नाव चंद्री हुतं. तेच ठेव. जागा तिचीच हाय."

तेव्हापासून इंजिनाचं नाव चंद्री पडलं.

मूळ गाडीत इंजिनाकडून आत जाणारे दोन जाडजूड कपलर होते, साठेक वायरींचे. अवधूतनं इंजिनाचा मेंदू, म्हणजे तो चपटा ॲल्युमिनियमचा डबा, चौकटीवरच बसवला. त्यामुळे पॅनेलपर्यंत जायला किती वायरी उरल्या? बारा! चावीची, सेल्फची, पेट्रोल पंपाची, दोन काट्यांच्या, धोक्याच्या दिव्याची, अशा मोजक्या बारा. दीपमालानं दोनदा मोजल्या आणि आनंदी झोपलेली विसरून टाळी वाजवली. आनंदी उठली. तिनंही टाळी वाजवली.

अवधूतनं बुधवार पेठेतून नवा कपलर आणला. सहाच्या दोन ओळी, बारा घरं. कुठल्या कंपनीचा ते लिहिलेलं नाही, घरांना नंबरही कोरलेले नाहीत. म्हणून अवधूतनं पाठकोऱ्या कागदावर चौकट आखली. वर डावीकडून एक ते सहा, खाली सात ते बारा. प्रत्येक नंबरापुढे कोणती वायर ते लिहिलं. शुक्रवारी दुपारी तो कागद गुडघ्यावर ठेवून दीपमालानं दोन्ही अर्धे भरले, इंजिनाकडचा आणि पॅनेलकडचा. बोटांना सगळं आठवत होतं. लाइनवर सुपरवायझर ओरडायचा तेच शब्द, "ढकला, ऐका, ओढा!" टर्मिनल ढकलायचं, टिक ऐकायचं, मग हळूच मागे ओढून बसलंय ना बघायचं. टिक. टिक. टिक. वर्षभर लांब राहिलेलं माणूस दारात यावं, तसा तो आवाज तिला वाटला.

शनिवारी सकाळी दोन्ही अर्धे एकमेकांत बसवले. चट् आवाज करत लॉक लागलं.

"फिरव," अवधूत म्हणाला.

"तुम्ही फिरवा."

"वायरिंग तुझं, मान तुझा."

दीपमालानं आनंदीला कडेवर सावरलं आणि किल्ली फिरवली. पॅनेलवर कुठंतरी फट् झालं. दिवा नाही, काटा नाही. काहीच नाही.

"फ्यूज गेला," अवधूत म्हणाला. "असू दे, पहिल्यांदा जातोच."

दुसरा घातला. फट्.  आता तो टेस्ट लॅम्प घेऊन चौकटीखाली शिरला, अर्थिंगची वायर खरवडून घट्ट केली, बॅटरीची टोकं साफ केली. तिसरा फ्यूज घातला. फट्.

"चंद्रीबी अशीच करायची," धोंडिबा मामा बाहेरून म्हणाले. "लाथ मारायची पैल्या धारेला."

"मामा, आत्ता नको," अवधूत म्हणाला. मग हलक्या आवाजात दीपमालाला, "डबा उडाला असेल तर संपलं ग. मेंदूच गेला तर दुसरा आजच्या आज कुठनं आणू?"

"माझ्या वायरी बरोबर आहेत."

"मी कुठं म्हटलं चूक आहेत?"

"म्हटलं नाही, पण बघितलं तसं."

कपलर सोडवून तिनं मल्टिमीटर घेतला. आधी इंजिनाकडचा अर्धा तपासला. एक नंबर, बरोबर जागी वाजला. दोन, बरोबर. बाराही बरोबर. मग पॅनेलकडचा. त्याचेही बारा बरोबर. दोन्ही अर्धे कागदाबरहुकूम, आणि जोडले की फ्यूज उडतो. रंगांवरून पारखावं, तर गाडी बनवणाऱ्यानंच आतल्या वायरींचे रंग वेगळे ठेवलेले.  कोपऱ्यातली पिशवी आता पाठ फिरवूनही दिसायला लागली.

"फ्यूज संपले," अवधूत उठत म्हणाला. "सिंहगड रोडवरून घेऊन येतो. मॅडम यायच्या आत एकदा तरी लागायला पाहिजे. आनंदे, टाटा कर बाबांना."

त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि हात हलवला. आनंदीनंही हलवला. नव्यानंच शिकली होती ती. पण तळवा स्वतःच्या तोंडाकडे आणि बोटांची पाठ बाबांकडे, असं ती स्वतःलाच टाटा करत होती.

मामा खदखदून हसले. "अगं, उलटा टाटा केलास की! त्यो बघ, बाबा राह्यला तिकडं, तू तुलाच घालवतीयास व्हय!"

दीपमालाही हसली आणि सवयीनं तिचा हात धरून सरळ करायला गेली. आणि थांबली.

उलटा कुठं होता? आनंदीला बाबांचा तळवा दिसत होता. तिनं तिला दिसतो तस्साच केला होता, तळवा आपल्याकडे. समोरच्या बाजूनं तोच हात कसा दिसत असेल, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? समोर जाऊन कुणी बघितलंय?

दीपमालानं आपला उजवा तळवा तिच्या इवल्या डाव्या तळव्याला लावला. अंगठ्याला अंगठा, करंगळीला करंगळी भिडली. मग तिचा उजवा हात धरून त्यालाच लावला. उजव्याला उजवा. अंगठा करंगळीवर आला.

"अगं माय!" ती ओरडली. "माय व माय! आनंदे!"

मामा काठीसकट दचकले. "काय झालं? इंचू?"

"मामा, मी दोन्ही उजवे हात केले!"

मामांना काही उमगलं नाही, पण ती आत पळालीसुद्धा. कपलरचे दोन्ही अर्धे तिनं हातांत समोरासमोर धरले. लाइनवर सहा वर्षं तिनं वायरी पाठीमागून घातल्या होत्या, डावीकडून उजवीकडे. पण तिच्या लाइनवर कायम एकच अर्धा भरायचा. जोडीचा दुसरा अर्धा कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात, दुसऱ्याच बायका भरायच्या. दोन्ही भेटायचे ते थेट गाडीत. दोघांची गाठ पडलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती! म्हणून काल, एकाच कागदावरून, दोन्ही अर्धे तिनं पाठीमागूनच डावीकडून उजवीकडे भरले होते. समोरासमोर उभं केलं की एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. एक नंबर जाऊन भेटत होता सहाला, सात भेटत होता बाराला. प्रत्येक अर्धा आपापल्या जागी अगदी खरा, आणि एकत्र आले की मारामारी.

पॅनेलकडचा अर्धा आरशात दिसावा तसा भरायचा. बस्स, एवढंच! तिनं छत्रीची सुई उचलली. पण आनंदी आता टक्क जागी, आणि तिला खाली ठेवलं तर ती सरळ ग्रीसच्या डब्याकडे रांगत जाणार. दीपमाला इकडे तिकडे बघते तोच दारात स्कूटर थांबली. हेल्मेट काढून श्यामला मॅडम उतरल्या.

"लवकर आलेय," त्या म्हणाल्या. "सदाशिव पेठेतून धायरी म्हणजे आम्हाला परगाव. शिदोरी बांधूनच निघाले. तर, चालू आहे का इंजिन?"

दीपमालाच्या हातात उघडा कपलर, कडेवर पोर, केसांत टेपाचा तुकडा. क्षणभर तिला वाटलं, सांगावं की हे येतीलच, बसा. पण जिभेवर आलं ते वेगळंच.

"नाही, मॅडम. पण होणारे. मला चूक सापडलीय. आत्ता, या क्षणाला सापडलीय. जरा हिला धरता का?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग आनंदीकडे. "दोन तपं मुलं सांभाळतेय," त्या म्हणाल्या. "पण ती विशीतली. बरं, आणा."

आनंदी मॅडमच्या चष्म्यावर झेपावली. मॅडम मान वाचवत शेडमध्ये फिरू लागल्या. "आणि या पिवळ्या फुलांच्या गाठी? हा कुठला कलर कोड?"

"आनंदीचा," वायर ओढता ओढता दीपमाला म्हणाली.

"हं. निदान धुतलेला दिसतोय."

एक, दोन, तीन... दीपमाला बोलत होती आणि तिचे हात चालत होते. तळव्याला तळवा, पाठीमागून भरणं, कधी न पाहिलेला दुसरा अर्धा, सगळं तिनं एका दमात सांगितलं.  मॅडम एकदा खाली वाकून म्हणाल्या, "खालची ओळही उलटवा. वरचीच करून थांबाल उत्साहात."

"हो की! हो हो."

ढकला, ऐका, ओढा. शेवटचं टर्मिनल टिक् झालं तेवढ्यात अवधूत परतला. मॅडमना बघून त्याचा चेहरा उतरला. त्यांच्या कडेवर आपली मुलगी आणि मुलीच्या हातात त्यांचा चष्मा बघून तो आणखीच उतरला.

"मॅडम, जरा अडचण..."

"अहो, फ्यूज द्या," दीपमाला म्हणाली.

"अगं पण..."

"द्या तर!"

तिचा आवाज ऐकून त्यानं मुकाट्यानं पाकीट पुढं केलं. फ्यूज घातला. कपलर जोडला, चट्. आता एकच धाकधूक. तीन वेळा उलटा करंट खाऊन तो मेंदू शाबूत राहिला होता का? तीन फ्यूज त्याच्यासाठी मेले, का नुसतेच मेले?

तिनं किल्ली अर्धी फिरवली.

फट् झालं नाही. पॅनेलवर पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा, छोटासा, शहाणा. पेट्रोल पंप घुंईं करून थांबला. पाण्याचा काटा थरथरून उभा राहिला.

"लागला!" अवधूत लहान पोरासारखा ओरडला. "डबा जिवंत आहे! दीपा, डबा जिवंत आहे!"

तिनं किल्ली पुढं दाबली. सेल्फ फिरला, फिरला, फिरतच राहिला, आणि इंजिन काही पकडेना. 

"पैली धार," मामा दारातून हळूच म्हणाले.

"पेट्रोल वर चढू दे," अवधूत कुजबुजला. "आणखी एकदा."

दुसऱ्यांदा किल्ली फिरली आणि चंद्रीनं हुंकार दिला. चौकट हादरली, पत्रे थरथरले, शेजारच्या शेडवरची कबुतरं उडाली, आणि मग ते इंजिन असं लयीत धडधडू लागलं की दीपमालाला पायाखालच्या कोब्यातून ते अंगात चढलेलं कळलं. आनंदीनं आधी ओठ काढले. रडावं की काय याचा विचार केला. मग मॅडमच्या कडेवरच दोन्ही हातांनी टाळ्या पिटू लागली.

मॅडमनी इंजिन तापेपर्यंत चालू ठेवायला लावलं. काटे पाहिले, बंद करायला लावलं, मग स्वतः पॅनेल ओढून काढलं, परत जोडलं, स्वतः किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात लागलं.  चष्मा पुसला. चष्म्याच्या दोन्ही काचांवर आनंदीची बोटं उमटली होती.

"दीपमाला," शेवटी त्या म्हणाल्या, "एक तक्रार आहे."

दीपमाला पुन्हा कपलर तपासायला वाकली.

"ही चूक तुम्ही दुरुस्त केलीत. माझ्या मुलांनी आता काय शोधायचं? प्रत्येक इंजिनाबरोबर मला एक पॅनेल जास्तीचं लागेल, कपलर उलटा भरलेला. अगदी तुम्ही काल भरलात तसा. मेंदूच्या आधी एक फ्यूज जादा टाका म्हणजे झालं. मुलांना बसू दे डोकं खाजवत. आठ दिवस तरी मला शांतता मिळेल."

अवधूतला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे... उरलेली चार?"

"मी प्रत्येक इंजिनाबरोबर म्हटलं. एकाच इंजिनाबरोबर म्हटलं का?" मॅडमनी आनंदीला दीपमालाकडे दिलं आणि हेल्मेट चढवलं. "आणि त्या गाठी सोडू नका. त्या मला हव्यात."

स्कूटर वळली. निघता निघता मॅडमनी हात हलवला. आनंदीनं तिचा तो टाटा केला, तळवा आपल्या तोंडाकडे. दीपमालानं तो सरळ केला नाही. तिनंही आपला तळवा स्वतःकडे वळवला आणि दोघी तशाच हात हलवत उभ्या राहिल्या.

मग तिनं कोपऱ्यातून पिशवी आणली आणि लोकरीचं टोपडं बाहेर काढलं. फोन आईला लावला तो दुसऱ्या हातानं.

"आई, चंद्री चालू झाली."

"म्हैस घेतली का व तुम्ही?"

"नाही व, इंजिन. आई, मी चाकणला नाही जात आता. आनंदी इथंच राहते माझ्यापाशी."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि आईची जरा रुसलेली, जरा फुललेली हाक. "अन् मग पाळण्याचं काय करू व मी? एवढा बांधून ठेवला न."

"पाळणा सोड आणि घेऊन ये," दीपमाला म्हणाली. "इथं पाइप मजबूत आहे. म्हशीचा आहे."